मुदतीत हरकत न आल्यास

३ मार्च, मंगळवार

आज माझा हुद्दा लांबला. पगार आहे तेवढाच आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की कंपनीच्या चारही श्रवणयंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये यापुढे काय बदलायचं आणि काय नाही ते माझ्या हातून जाईल. टाळ्या पडल्या. ज्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या त्यांना हे काम माझ्याआधी विचारलं होतं, असं मागाहून कळलं.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे रडताना संदर्भ राहील. आमची यंत्रं चार. थोरला महागडा, कानात घातलेला दिसतसुद्धा नाही, मोबाइलवरून चालतो. मधला नोकरदारांचा. शाळकरी लहान मुलांचा. आणि धाकटा कानामागे बसणारा, आवाज कमीजास्त करायचं एकुलतं एक चाक असलेला, जो संस्था घाऊक विकत घेतात आणि म्हाताऱ्यांना वाटतात. चौघांचं सॉफ्टवेअर मुळात एकच होतं. पण दर वेळी नवं यंत्र काढताना जुन्याची नक्कल करायची, इथेतिथे कात्री लावायची आणि द्यायचं बाजारात सोडून, अशी आमची पद्धत. आता एक बदल करायचा तर तो चौघांत वेगवेगळा करावा लागतो, आणि शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यात काय केलं होतं ते कोणाला आठवत नाही. मागच्या वर्षी कानात शिट्टी वाजायचा दोष थोरल्यातून गेला आणि शाळकऱ्यात तसाच राहिला. मुलांना वाटलं, मशीन गातं.

माझी योजना अशी, की या वेगळ्या चुली मोडायच्या. एकच सामाईक गाभा, आणि वरून ज्याचा त्याचा नट्टापट्टा. कुठूनही मागणी आली की पहिला प्रश्न विचारायचा, ही घराची की एकट्याची? घराची असेल तर ती गाभ्यात जाईल आणि एकदम चौघांना पोचेल. साहेब म्हणाले, वा. साहेब 'वा' म्हणाले की पुढचं सगळं आपल्याला करायचं असतं.

६ मार्च, शुक्रवार

एकत्र कुटुंबाचे गोडवे सगळे गातात, फक्त आपला डबा वेगळा ठेवून. मधल्याचा प्रमुख म्हणतो, आमचं गिऱ्हाईक वेगळं. शाळकऱ्याची प्रमुख म्हणते, आमचे कान वेगळे. थोरल्याचा प्रमुख काही म्हणतच नाही; तो कामात आहे असा त्याचा मेल आपोआप येतो. प्रस्ताव पाठवला तर उत्तर नाही, आठवण केली तर 'बघतो'. सगळे एका माळेचे मणी.

म्हणून आज एक नियम केला. कोणतीही मागणी आली की चौघांना आठवड्याची मुदत. मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल. हरकत फक्त प्रमुखांनी घ्यायची, उगाच गल्लीतल्या सगळ्यांनी नाही. साहेबांना तो इतका आवडला, की त्यांनी तो ठळक अक्षरांत छापून बैठकीच्या खोलीत चिकटवला. जाता-येता वाचते. माझंच वाक्य आहे, पण भिंतीवर जास्त हुशार दिसतं.

अडचण एवढीच, की धाकट्याला प्रमुखच नाही. होता तो मेहुण्याच्या धंद्यात गेला आणि ती जागा भरायची कोणाला घाई नाही. तोवर धाकट्याच्या वतीने मीच बघावं असं ठरलं. म्हणजे मागणी पाठवणारीही मी आणि हरकत नाही म्हणणारीही मीच. तेवढंच काम वाचलं.

८ मार्च, रविवार

दुपारभर आईबाबांकडे. घर मागच्याच गल्लीत आहे, त्यामुळे निरोप घेऊन निघालेली मी छत्री विसरले म्हणून परत जाऊ शकते आणि तासभर बसू शकते.

आईला झटका आला त्याला दीड वर्ष होईल. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं मात्र सगळं. उलट पूर्वीपेक्षा जास्त कळतं, कारण आता समोरच्याला मध्येच तोडत नाही. हा माझा विनोद. तो तिच्यासमोर केला तेव्हा तिने धडक्या हाताने मला असा चिमटा काढला, की वळ उठला. पोस्टाच्या खिडकीमागे जन्म काढलेली बाई ती. नुसतं 'पुढचा' म्हणाली की रांग सरकायची.

आता तिच्या डाव्या हाताशी स्टीलचा चमचा असतो आणि कॉटला कठडा आहे, तोही स्टीलचा. चमचा कठड्यावर वाजला की बाबा हजर. हळू वाजला तर पाणी, जोरात वाजला तर कूस बदलायची, आणि वाजतच राहिला तर बाबांचं काहीतरी चुकलंय. बाबा म्हणतात, ती बोलत होती तेव्हापेक्षा आता तिचं म्हणणं त्यांना बरं समजतं. सकाळी आंघोळीपुरत्या मावशी येतात. बाकी दिवसभर हे दोघं आणि तो चमचा.

बाबांचे कान छापखान्यातल्या मशिनींनी खाल्ले. यंत्राशिवाय त्यांना उशाशी भांडण झालेलं कळायचं नाही. ते आमचा धाकटा घालतात. थोरला आणून देते म्हटलं तर नको म्हणाले. त्याला मोबाइल लागतो, आणि मोबाइल बघायला चष्मा. शिवाय धाकट्याला ते चाक आहे. पूर्वी आईचा सूर चढायला लागला, की बाबांचा हात सहज गेल्यासारखा कानामागे जायचा आणि चाक खाली यायचं. ती नंतर जाब विचारायची, आणि हे म्हणायचे, मशीन बिघडलंय गं. त्यांचं मशीन आयुष्यभर असं सोयीने बिघडत आलंय. आई ते पुरतं ओळखून होती.

१० मार्च, मंगळवार

आज दरबार. मंगळवारच्या बैठकीला हे नाव मी ठेवलं. आता साहेबही ते वापरतात, आपल्यावरून आहे हे न कळता.

आमचा विक्रीप्रमुख होयबा. गिऱ्हाइकाने चंद्र मागितला तर हा विचारेल, पूर्ण पाठवू की अर्धा? त्याने आज मागणी आणली, की थोरल्याच्या गिऱ्हाइकांना हॉटेलात जेवताना त्रास होतो. चमचा ताटलीला लागला की कानात सुई टोचल्यासारखं होतं. तर धातूवर धातू आपटल्याचा आवाज यंत्राने ओळखावा आणि दाबून टाकावा, बोलणं मात्र स्वच्छ ऐकू यावं. आमच्या पोरांनी लगेच करून दाखवलंही. साहेबांनी कपात चमचा खणखणवला आणि कानाला यंत्र लावून म्हणाले, वा.

मी माझा प्रश्न विचारला, घराची की एकट्याची? मधल्याची माणसंही हॉटेलात जातात. मुलांच्या डब्यांचा खडखडाट असतोच. म्हाताऱ्यांनाही घरात भांडी आहेत. म्हणजे घराची.

तेवढ्यात शंकासुर बोलला. हा आमचा तपासणारा. दुकानात वजनाचा काटा बरोबर आहे का हे विचारून मगच भाव विचारणाऱ्यातला. म्हणाला, "आणि तो आवाज कोणाला हवा असला तर?"

चमच्याचा आवाज कोणाला हवा असतो, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. जास्त मीच हसले. त्याने तरी लावून धरलं, की थोरल्यात मोबाइलवरून हे बंद करता येईल, धाकट्यात कसं करणार? तिथे चाक एकच आहे. मी त्याला म्हटलं, मुदतीत लेखी हरकत द्या. तो म्हणाला, मला हरकत घेता येत नाही, मी प्रमुख नाही. हेही खरंच. नियम मीच केलाय.

१७ मार्च, मंगळवार

मुदत संपली. हरकत शून्य. थोरल्याचा प्रमुख कामात होता, मधल्याचा लग्नाला गेला होता, शाळकरीवाली 'बघते' म्हणाली होती. धाकट्याच्या वतीने मी प्रस्ताव उघडला. पूर्ण वाचला का ते आठवत नाही, त्या दिवशी दाढ ठणकत होती. चारही यंत्रांत एकाच वेळी जाणारा आमचा हा पहिला बदल. साहेबांनी माझं कौतुक केलं, तेही माझं नाव बरोबर घेऊन.

२२ मार्च, रविवार

आमच्या कंपनीत एक जुनी रीत आहे. नवी आवृत्ती बाजारात जायच्या आधी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांच्या कानात जाते. घरचे फुकट तपासतात आणि तक्रार घरातच राहते. कोणाच्या काकांच्या, कोणाच्या सासूबाईंच्या. मी परवा बाबांचं यंत्र ऑफिसात नेऊन (तोवर त्यांना ऑफिसातलं एक बदली यंत्र दिलं होतं) नवी आवृत्ती चढवली आणि आज स्वतःच्या हाताने त्यांच्या कानामागे बसवलं. थोडी फुशारकीही मारली, म्हटलं बाबा, आज तुमच्या कानात तुमच्या मुलीचं डोकं घातलंय. बाबा म्हणाले, "बरं झालं ठमे, तिथे जागा रिकामीच होती."

आई बघत होती. तिला आमचा टवाळपणा आवडतो. पाणी हवं होतं तेव्हा मी तिथेच होते, मीच दिलं.

२५ मार्च, बुधवार

घरच्यांचे अभिप्राय आले. कोणाच्या सासूबाईंनी लिहिलंय, डबी उघडत नाही. कोणाच्या काकांनी यंत्राऐवजी जावयाबद्दल लिहिलंय. सगळ्यात सरस अभिप्राय आमच्या बाबांचा. 'फार छान. घर अगदी शांत झालं आहे. दुपारी झोप लागते.' मी तो होयबाला पाठवला. त्याने उलट तीन हसरे चेहरे पाठवले, आणि ते त्याच्या विक्रीच्या अहवालाहून बरे होते.

२९ मार्च, रविवार

आई घुश्शात आहे. गेले काही दिवस चमचा नुसता बडवत असते, असं मावशी म्हणतात. कठड्याचा चकाकता भाग एका ठिकाणी पार ओरखडलाय. त्यांनी मला दाराशी गाठून हळूच विचारलं, "ताई, या दोघांचं काही वाजलंय का? सकाळी बघते तर आजींची चादर ओली, आणि आजोबा खिडकीत कोडं सोडवत बसलेले."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, छे, उलट ती हल्ली शांत आहे, मला बोलवतच नाही. मी आपला मधूनमधून जाऊन बघतो. मी बाबांना जरा झापलं, की ओल्या चादरीचं लक्ष नको का ठेवायला. ते खजील झाले. आईला म्हटलं, इतकी आदळआपट करू नकोस, हात दुखेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

मला वाटतं हा वयाचा भाग आहे. बाबा विसराळू व्हायला लागलेत आणि आई हट्टी. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. ऑफिसात मधल्याच्या प्रमुखाने लग्नाहून येऊन विचारलंय, की गाभा म्हणजे नेमकं काय.

४ एप्रिल, शनिवार

सुंठीवाचून खोकला गेला. आईची आदळआपट थांबली. आज पूर्ण दुपार तिथे होते, चमचा एकदाही वाजला नाही. उशाशी तसाच पडून होता. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवली थोडंच, पण तक्रार काही नाही. मी म्हटलं, बघ, शांतपणे घेतलं की सगळं होतं. तिने डोळे मिटून घेतले. दमली असेल.

बाबांचा चेहरा उतरलाय. म्हणाले, ती माझ्यावर का रागावलीय कळत नाही. मी म्हटलं, जाईल राग.

७ एप्रिल, मंगळवार

दरबारात माझा सत्कार झाला. म्हणजे केक आला आणि त्यावर दुसऱ्या कोणाचं नाव खरवडून काढलेलं होतं. होयबाने धाकट्याचं नवं माहितीपत्रक दाखवलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, 'घर अगदी शांत झालं आहे. एक समाधानी आजोबा.' महिनाअखेर माल संस्थांकडे जाईल. बाबांना दाखवायला एक प्रत घेतली.

शंकासुराने केक खाताना विचारलं, तुमच्या वडिलांनी नुसतं शांत लिहिलंय, काय शांत झालं ते लिहिलं नाही का? या माणसाला केकसुद्धा गोड लागत नाही.

११ एप्रिल, शनिवार

आजचं लिहायलाच हवं.

संध्याकाळी माहितीपत्रक घेऊन गेले. बाबा आईच्या खोलीतच, खिडकीशी, तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. कॉट हाताच्या अंतरावर. मी दारात चपला काढत होते. आईच्या अंगावर पाण्याचा पेला कलंडलेला होता. तिने मला पाहिलं नव्हतं. तिने किती दिवसांनी चमचा उचलला, कठड्यावर वाजवला. मग जोरात वाजवला. मला दारात कानठळ्या बसत होत्या. बाबांनी पान उलटलं.

मी तिथूनच, अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, चहा टाकू?"

"टाक. साखर कमी," बाबा म्हणाले.

आईने चमचा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर परवडला असता. माझा एवढासा आवाज दारातून ऐकू येतो, आणि तिचा पाठीमागून येत नाही, हे तिने आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे यांना ऐकायचंच नाही, असं तिला वाटणार नाही तर काय वाटेल?

धातूवर धातू. बोलणं मात्र स्वच्छ. मी स्वतः म्हटलं होतं, घराची मागणी.

चादर बदलली. बाबांना स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे ती हाका मारत होती?"

"हो."

"आणि मी तिथेच बसलो होतो."

मग त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, ओट्यावर ठेवलं आणि मला हाताने सांगितलं, ने हे. मी काहीतरी म्हणाले. त्यांना ते ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. इतका राग मी बाबांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मला माझीच किळस आली.

१२ एप्रिल, रविवार

सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडवून यंत्रात जुनी आवृत्ती घातली. पहारेकऱ्याला वाटलं, बढती मिळणार म्हणून इतकी मर मर करतेय. दुपारी बाबांनी यंत्र घातलं, मी स्वयंपाकघरात ताटलीवर चमचा वाजवला, ते बाहेरून "हो" म्हणाले. मग ते आईजवळ गेले, तिचा हात धरला आणि म्हणाले, "अगं, माझं मशीन बिघडलं होतं."

आईने हात काढून घेतला.

जन्मभर खोटं सांगायला वापरलेलं वाक्य नेमकं खरं सांगायला पुढे केलं त्यांनी. पण दुसरं काय सांगणार होते? मी तिथेच उभी होते आणि मूग गिळून बसले.

१४ एप्रिल, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, ते आज दरबारात सगळ्यांना दाखवलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, तो बदल धाकट्यातून काढायचा आहे. होयबा मागे वळला आणि त्याने भिंतीवरचं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. मुदतीत हरकत न आल्यास. गोड आवाजात वाचलं त्याने, विक्रीवाला आहे. साहेबांनी विचारलं, धाकट्याच्या एका तरी गिऱ्हाइकाने तक्रार केली आहे का? मी म्हटलं, नाही. होयबा म्हणाला, उलट मॅडमच्या वडिलांनीच तर प्रशस्ती दिलीय. आणि पत्रक वर धरलं.

मी म्हटलं, "त्या वाक्याचा अर्थ सांगते. ते घर शांत झालं कारण माझी आई त्यांना हाका मारत होती आणि ते त्यांना ऐकू येत नव्हतं. तिला बोलता येत नाही. चमचा वाजवते. आपण तो बंद केला. मी बंद केला."

मला वाटलं शंकासुर आता म्हणेल, मी सांगितलं होतं. तो नाही म्हणाला. त्याने एवढंच विचारलं, की कठडा पोकळ आहे की भरीव, म्हणजे त्याला तसाच आवाज काढून तपासता येईल. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पोकळ आहे, म्हटलं.

मग शाळकऱ्याची प्रमुख खाली बघत म्हणाली, की मुलांच्या एका शाळेत सुट्टीचा टोल लोखंडी पट्टीवर हातोडीने देतात. प्रस्ताव मीपण वाचला नव्हता, आता माझीही हरकत घ्या. मधल्याच्या प्रमुखाने विचारलं, हरकत घ्यायची असेल तर कुठे टिक करायची असते?

साहेब म्हणाले, एकत्र कुटुंबाची गाणी तुम्हीच गात होतात बाई, आता वाटण्याही तुम्हीच करताय. पण धाकट्याचा माल थांबवला. चमच्याची करामत फक्त थोरल्यात आणि मधल्यात राहील, तीही माणसाला हवी तेव्हा बंद करता येईल अशी. पत्रकं रद्दीत. माझा लांबलेला हुद्दा पुन्हा आखूड व्हायची चिन्हं आहेत. नवा नियम असा ठरला, की प्रत्येक यंत्राच्या वतीने कोणीतरी जिवंत माणूस 'हो' म्हणेपर्यंत काहीही गाभ्यात जायचं नाही. धाकट्याला आधी माणूस नेमा, असं मी म्हटलं. होयबा माझ्याशी बोलत नाही, तो एक फायदा झाला.

१९ एप्रिल, रविवार

बाबा आता दाढी करतानाही यंत्र काढत नाहीत. चाक सगळ्यात वर. रस्त्यावरून गाडी गेली तरी दचकतात. कोडं सोडवत नाहीत, नुसते आईच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतात. आणि चमचा वाजत नाही.

आता त्यांना ऐकू येतं, पण ती बोलवत नाही. तहान लागली तरी मावशींची वाट बघते. मावशी म्हणाल्या, आज आल्या तेव्हा तिचे ओठ सुकलेले होते. बाबा विचारतात, पाणी देऊ? ती मान हलवते, नको. मग मी विचारलं की पिते. बाबा तिथून उठून गॅलरीत गेले. मी गेले नाही मागोमाग. काय तोंड घेऊन जाणार होते? इतक्या माणसांसमोर दरबारात छाती काढून बोलले, आणि जिला सांगायचं तिला अजून सांगितलेलं नाही. साहेबांची भीती वाटली नाही, आईची वाटते.

२६ एप्रिल, रविवार

सांगितलं.

बाबा मोरीपाशी दाढी करत होते. मी खुर्ची ओढून आईच्या तोंडासमोर, भिंतीच्या बाजूला जाऊन बसले, म्हणजे तिला मला टाळता येणार नाही. म्हटलं, "बाबांनी काही केलं नाही आई. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. त्यांच्या मशीनमध्ये मी बदल केला होता. तुझा चमचा त्यांच्यापर्यंत जाणार नाही असा बदल. मला कळलं नाही मी काय करतेय, पण केलं मीच. आणि तू बडवत होतीस तेव्हा तुलाच म्हटलं, शांत राहा."

ती माझ्याकडे बघत राहिली. डाव्या हाताचं बोट माझ्या छातीवर ठेवलं. तू?

"मी."

तिने उशाशी चाचपून चमचा उचलला. मला वाटलं, वाजवेल. तिने तो माझ्यावर फेकून मारला. खांद्याला लागला, कपाटावर आपटला आणि खणखणत फरशीवर पडला. चांगलंच लागलं. मला बरं वाटलं.

मोरीतला नळ बंद झाला. बाबा दारात आले, अर्ध्या गालावर साबण, हातात रेझर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय गं? हाक मारलीस?"

आईला काही नको होतं. ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिच्या तोंडाची चांगली बाजू हलायला लागली, रडतेय की हसतेय मला समजेना. बाबांच्या गालावरचा साबण ओघळून गळ्यापर्यंत आला, ते हलले नाहीत. शेवटी तिनेच हाताने खूण केली, काही नाही, जा, दाढी पुरी करा. ते गेले. नळ पुन्हा सुरू झाला.

मी फरशीवरून चमचा उचलला. तिने तळहात पुढे केला, मी ठेवला त्यावर. ती जराशी थांबली. मग कठड्यावर वाजवला, अगदी हळू.

नळ बंद झाला.